पाच सालाचा सालदार

मी एक फळा. आजवर माझ्या अंगावर दुसऱ्यांनीच लिहिलं आणि दुसऱ्यांनीच पुसलं, म्हणून आज जरा माझं मी सांगतो. जवळ बसा, फक्त ओलं फडकं घेऊन येऊ नका. ओल्या फडक्याचा मला मनस्वी राग आहे. त्याने माझा रंग जातो आणि मग लोक मलाच म्हातारा म्हणतात.

शेलूबाजारच्या जानराव सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवलं. मधली फळी जराशी वर राहिली. त्यामुळे माझ्यावर ओढलेली प्रत्येक रेघ मध्येच एक उडी मारते. जानराव म्हणाला, "पोराइले काय समजते?" पोरांना नाही, पण उकंडराव मास्तरांना समजलं. त्यांनी पहिल्याच दिवशी रेघ ओढली, उडी पाहिली आणि हसून म्हणाले, "असू दे. आपल्या मंगरूळच्या सडकेसारखाच हाय."

मास्तरांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ते जन्मले तेव्हा आईने त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि परक्याचं मूल उचलावं तसं उचलून घरात आणलं. नाव पडलं उकंड. असा हा टाकून उचललेला माणूस अठरा वर्षं माझ्यापुढे उभा राहिला. पाढे, नद्यांची नावं, शुद्धलेखन, सगळं त्यांनी माझ्यावर लिहिलं. अक्षर असं की पुसताना पोरांचा हात अडखळायचा. मला त्याचा गर्व होता आणि अजूनही आहे.

एकाहत्तर साली दिल्लीची निवडणूक आली. पक्षाचे दोन मोठे पुढारी तिकिटासाठी इतके भांडले की शेवटी दोघांचंही एका गोष्टीवर एकमत झालं: त्याला मिळण्यापेक्षा मास्तरला मिळालेलं बरं. आमच्या मास्तरांचं राजकारण हे असं सुरू झालं.

एक दिवस त्यांची प्रचाराची जीप शाळेच्या फाटकाशी थांबली. सुटी होती, आणि वस्तीतली पंचफुलाबाई शाळा सारवत होती. छप्पन साली तिच्या घराने बुद्धाचा धम्म घेतला होता. शेणाचे हात तसेच धरून ती बाहेर आली. भोंगा ओरडत होता, "पाच वर्षांसाठी आपले खासदार म्हणून उकंडराव यांनाच..."

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी चांगले मास्तर होते ना बाप्पा! हे सालदारकी कायले धरली?"

लोक पोट धरून हसले. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमालकाकडे राबणारा गडी. त्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला सरतं. पंचफुलाबाईचा नवरा पुंजाजी चौदा वर्षं सालदार होता, तेव्हा तिच्या कानाला खासदार या शब्दात सालदारच ऐकू आला. त्यात तिची काही चूक नव्हती. भोंगाही फुटका होता.

मास्तर मात्र हसले नाहीत. जीपमधून उतरून ते म्हणाले, "बरोबर बोलली बाई. मी तुमचा पाच सालाचा सालदारच हाओ. मालक तुमी."

"मंग कामाचं सांगत जा," पंचफुलाबाई म्हणाली. "सालदार संध्याकाळी येऊन सांगते, आज कोनतं वावर वखरलं ते. तुमी दिल्लीत काय केलं, आमाले कसं समजंल?"

मास्तर निवडून आले. त्याच सुमारास शाळेत भिंतीवर सिमेंटचा फळा झाला आणि मला चुलीत घालायचं ठरलं. मास्तरांनी मला मागून घेतलं आणि आपल्या ओसरीवर आणून टांगलं. पहिलं अधिवेशन आटोपून ते परत आले, तेव्हा धोतर बदलायच्या आधी त्यांनी खडू घेतला. तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं 'बिल'. दुसऱ्यावर 'मत'. तिसऱ्यावर लिहिलं 'काहून', म्हणजे का.

मी थरारलो. अठरा वर्षं शुद्धलेखन लिहिणारा हात माझ्यावर 'काहून' लिहीत होता! पण पुढचंही तसंच. मताच्या रकान्यात 'होय' नाही, 'हाव'. का, असं त्यांच्या बायकोने, केशरबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "मालकाइच्या भाषेत जाब द्यावा लागते."

तेव्हापासून अधिवेशन संपलं की आमच्या ओसरीवर जत्रा. ज्याला वाचता यायचं तो वाचायचा, बाकीचे ऐकायचे. मास्तर तिथलं सगळं समजावून सांगत. घंटी कशी वाजते, दारं कशी बंद होतात, आपल्या जागेवर बटणं कशी असतात, एक हाव, एक नाही आणि तिसरं दोन्ही नाही. राजेरजवाड्यांचे तनखे बंद करायच्या बिलापुढे 'हाव' होतं. काहून? 'आपल्यासारखेच दोन हात त्याइले बी हायत.' त्या दिवशी ओसरीवर टाळ्या पडल्या.

सगळं असं गोड नव्हतं. बहात्तरला जंगली जनावरांच्या रक्षणाचं बिल आलं. मास्तरांनी 'हाव' लिहिलं. कामरगावचा ग्यानबा तावातावाने एस.टी.तून उतरला तो थेट माझ्यापुढे.

"भाऊ, ह्या रोह्याइनं माही तूर खाल्ली, अन् तुमी रोह्याइचीच बाजू घेतली?"

"अरे, वाघ-हरनाइसाठी हाय ते."

"मंग वाघाले माया वावरात धाडा. माया वावरात वाघ नाही, रोहीच येते!"

मास्तरांनी खडू उचलला. त्यांनी 'काहून'च्या रकान्यात आधी लिहिलं होतं त्याखाली छोट्या अक्षरात लिहिलं, 'ग्यानबाची तूर ध्यानात राह्यली नाही.' ग्यानबा ते वाचून खाली बसला आणि केशरबाईंनी दिलेला चहा पिऊन गेला. पुढे दोन वर्षं मास्तर दिल्लीत रोह्यांवर प्रश्न विचारत राहिले. रोही म्हणजे नीलगाय, हे तिथल्या लोकांना कळायलाच वर्ष गेलं म्हणे.

आणि एकदा तिसरं बटण. त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'कोनाचीच बाजू पटली नाही.' पंचफुलाबाईने कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि म्हणाली, "मंग घरीच राहाचं होतं. गाडीतली एक जागा तरी रिकामी झाली असती." मास्तरांनी पुन्हा कधी तिसरं बटण दाबलं नाही.

माझ्या एका कोपऱ्यात त्यांची भाषणंही असत. मानोऱ्याच्या तांड्यांवर शाळा पाहिजे, अस्पृश्यतेचा कायदा कडक करा, बायांच्या कामाला बाप्यांइतकाच मान पाहिजे. सुंदर अक्षरात लिहिलेलं. मी ते अंगावर मिरवायचो. लोक म्हणायचे, असा खासदार आपल्यालाच मिळाला. मलाही तसंच वाटायचं.

मग पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. गावात फार काही दिसलं नाही. एस.टी. वेळेवर यायला लागली आणि माणसं हळू बोलायला लागली. मास्तर येत होते, लिहीतही होते, पण तिसऱ्या रकान्यात आता एकच शब्द यायचा, 'देशहित'. एका बिलापुढे देशहित, दुसऱ्यापुढे देशहित. अक्षर तेच, वळण तेच. तरी मला अंगावर खाजल्यासारखं व्हायचं. त्याच सुमाराला तालुक्यातले पक्षाचे पुढारी बबनराव ओसरीवर रोज येऊन बसायला लागले. माणूस वाईट नव्हता. प्रेमाने विचारपूस करायचा. पण खाटेवर अशा जागी बसायचा की फळा वाचायला आलेल्या माणसाला आधी तो दिसावा.

शहात्तरचा पाडवा जवळ आला. मास्तर दिल्लीहून आले. केशरबाईंनी मला कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून ठेवलं होतं. माझा स्वभाव त्यांना माहीत. खडूही ठेवला होता. मास्तरांनी धोतर बदललं, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशीही खडू तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते माझ्यासमोरून जाताना जमिनीकडे बघत जायचे. मला वाटलं, माझ्याच हातून काही चूक झाली.

पाडव्याच्या सकाळी दारोदार गुढ्या लागल्या आणि पंचफुलाबाई ओसरीवर आली. एकटीच. चारपाच माणसं जमवायला तेव्हा बंदी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "गुढी तुमची, पन साल समद्याइचंच पाडव्याले सरते. तुमचे पाच साल भरले."

मास्तर उपरण्याची घडी घालत राहिले.

"हॉटेलातल्या रेडिवोवर सांगून राह्यले, पाचाचे सहा केले म्हनून. कोनं केले?"

"सभागृहानं," बबनराव खाटेवरून म्हणाले.

"म्या तुमाले नाही इचारलं, दादा. मास्तर, तुमी कोनतं बटन दाबलं?"

मास्तरांची नजर खडूकडे गेली आणि परत आली. पंचफुलाबाई उंबऱ्याशी टेकली. तिचा आवाज चढला नव्हता.

"आमच्या पुंजाजीनं चौदा साल काहाडले. पन एकाबी पाडव्याले सोताहून औताले हात लावला नाही त्यानं. आदी मालकाच्या दारात जाऊन उभा राहे. मालक म्हने राहा, तं राहे. जा म्हने, तं आपली घोंगडी घेऊन घरी ये. सालदारानं सोताचं साल सोताच वाढोलेलं म्या आजच आयकून राह्यली. तुमीच म्हनत होते ना, मालक आमी?"

मास्तर उठले. खडू घेतला. रकाने आखले, रेघेने मध्ये उडी मारली. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'सभासदांनी आपली मुदत एक साल वाढवणे'. दुसऱ्यात लिहिलं, 'हाव'.

तिसऱ्या रकान्याशी खडू थांबला.

"देशहित ल्याहा," बबनराव हळूच म्हणाले. "भाऊ, मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो. नाहीतं ल्याहूच नका."

मला माझ्या आयुष्यात तेव्हाइतकी भीती कधी वाटली नाही. 'देशहित' पडलं असतं तर ते अक्षर मी कुठवर वागवलं असतं, देव जाणे. मास्तरांनी खडू जोरात टेकवला. खडूचं टोक मोडून खाली पडलं. मग त्यांनी एकच शब्द लिहिला: 'भ्यालो'.

अक्षर वाकडंतिकडं आलं. अठरा वर्षांत आणि पुढच्या पाचात त्यांच्या हातून माझ्यावर पडलेलं तेवढं एकच वाईट अक्षर. पंचफुलाबाईला वाचता येत नव्हतं. तिने केशरबाईंकडे पाहिलं. केशरबाईंनी वाचून दाखवलं, आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

"आता मालकानं सांगावं," मास्तर म्हणाले. "ठेवता का सोडता?"

"मी एकली कोन सांगनारी? समद्याइले इचारा."

दिवसभर लोक एकेक करून पाणी प्यायच्या निमित्ताने येत राहिले. माझ्यावरचं वाचत, बबनरावांकडे बघत आणि म्हणत, "राहा भाऊ, राहा." ग्यानबाही आला, खाटेकडे बघत तेच म्हणाला आणि घाईने निघून गेला. मास्तर प्रत्येकाची एक रेघ ओढत होते. उन्हं कलली तेव्हा एकतीस रेघा 'राहा'च्या झाल्या होत्या. शेवटी पंचफुलाबाई पुन्हा आली. तिने बबनरावांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. मास्तरांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाही. साल भरलं."

"एकतीसाला एक," बबनराव उठत म्हणाले. "झाला फैसला. आता हा फळा उद्याच्या उद्या उतरवा."

मास्तर रेघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बबनराव, मी मास्तर हाओ. एकतीस पोराइनं एकाच पाटीवरून उत्तर उतरोलं, तं मी ते एकच उत्तर धरतो. मंग एकाले एक झालं. अन् त्यातलं कोनतं सोताच्या डोक्यानं सोडोलेलं हाय, ते मले समजते."

त्यांनी तिथेच बसून राजीनाम्याचं पत्र लिहिलं. पोस्टाच्या पेटीत टाकायलाही स्वतः गेले. बबनराव त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि परतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं आहे. खोटं कशाला सांगू?

सकाळी पंचफुलाबाई धावत आली.

"बाप्पा बाप्पा! म्या तं रीत सांगतली होती फकत. तुमी तं खरंच सोडलं!"

"फैसला तुमचाच होता, बाई."

तिने पदर सावरला. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग आनखी एक रीत राह्यली. साल भरलेला गडी मालकाच्या घरून जेवल्याबिगर जात नाही."

आता हे सांगायला हवं. मास्तर वस्तीत कितीदा गेले असतील त्याला गणती नाही. हार घालून घेतले, सभा केल्या, अडचणी लिहून घेतल्या. पण चहा घ्यायचे तो जीपजवळ उभं राहून, आणि जेवायला नेहमी उशीर झालेला असायचा. माझ्या कोपऱ्यात अस्पृश्यतेवरचं भाषण होतं, ते किती वेळा टाळ्या खाऊन गेलं. तरी पाच वर्षांत पंचफुलाबाईच्या अंगणात त्यांचं पान मांडलं गेलं नव्हतं. हे ना तिने कधी काढलं, ना त्यांनी. मीही ते कधी मनावर घेतलं नव्हतं, हे कबूल करतो.

मास्तरांनी आत बघून हाक मारली, "केशर, येतं काय?"

"मले इचारून राह्यले?" आतून आवाज आला. "मी तं कवाची चप्पल घालून उभी हाओ."

मला उतरवायचंच होतं. मास्तरांनी विचारलं, "याले कुठी ठेवू?" पंचफुलाबाई म्हणाली, "आमच्या विहाराची भित कोरी हाय." मग पुंजाजी आला आणि मी त्याच्या डोक्यावर बसून, भर सकाळी, बाजारातून वस्तीत गेलो. मागे माजी खासदार आणि त्यांची बायको. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. माझ्या अंगावर 'भ्यालो' तसंच होतं, कोणी पुसलं नव्हतं.

अंगणात मला भिंतीला टेकवलं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि कढी. मास्तर मांडी घालून बसले. पंचफुलाबाई भाकर घेऊन आली आणि थाळीच्या वीतभर वर तिचा हात थांबला. वरून टाकायची सवय. छप्पन साल उलटून वीस वर्षं झाली होती, तिने देव बदलले, रीती बदलल्या, पण वरच्या आळीच्या माणसाला वाढताना हात आपोआप तिथे थांबला. तिलाच त्याची लाज वाटली असावी, कारण तिने मान खाली घातली.

मास्तरांनी थाळी बाजूला सरकवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"हातात द्या, बाई."

तिने भाकर त्यांच्या हातात ठेवली. मास्तर खाऊ लागले आणि पहिल्याच घासाला त्यांचे डोळे वाहायला लागले. "ठेचा लय तिखट झाला," पंचफुलाबाई म्हणाली. त्यांनी ठेच्याला अजून हातही लावला नव्हता, पण ते म्हणाले, "हाव, लय तिखट हाय." मी भिंतीला टेकून बघत होतो. या माणसाची सगळी मतं माझ्या अंगावर होती. हे एक नव्हतं, आणि मला तो माणूस त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडला.

आता मी विहारात असतो. दिवेलागणीला बाया शिकायला येतात, आणि त्यांना शिकवतात उकंडराव मास्तर. चालत येतात, चालत जातात. मधली फळी आणखी वर आली आहे, त्यामुळे 'क' लिहिताना बायांचा खडू अडखळतो आणि त्या मला शिव्या देतात. मी ऐकून घेतो. पंचफुलाबाईला पहिला शब्द कोणता शिकवू, असं मास्तरांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "काहून."

सत्त्याहत्तरला निवडणूक झाली, नवे खासदार आले. ते दोनदा वस्तीवरून गेले, जीप वेगात होती. तेव्हा बायांनी मिळून त्यांना पत्र लिहायचं ठरवलं. कार्डावर चुका नकोत म्हणून आधी माझ्यावर लिहून पाहिलं. अक्षरं मोठी आहेत, ओळी चढत गेल्या आहेत, पण वाचता येतं. 'साहेब, आमी तुमचे मालक. तुमी दिल्लीत कोनतं बटन दाबता अन् काहून, ते कळवा. भेव वाटत असंल तं तसं ल्याहा. आमी जेवू घालू.'

कार्ड टाकून अकरा महिने झाले. उत्तर येईपर्यंत माझ्यावरचं पुसायचं नाही, असं पंचफुलाबाईने सगळ्यांना बजावलं आहे. म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती. तुमच्यापैकी कोणाची साहेबांशी गाठ पडली तर त्यांना म्हणावं, दोन ओळी लिहा. पत्राने माझं सगळं अंग भरलं आहे, आणि खाली हातभर उरलेल्या जागेत बावीस बाया दाटीवाटीने जोडाक्षरं शिकतायत.